खारेपाटातलं शेत तपासताना

[दृश्य : धरमतरची खाडी, ओहोटी. कॅमेरा बांधावरून आत शेताकडे वळतो.]

पेण-अलिबागच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, ही भातशेती. उधाणाच्या भरतीचं पाणी चढतं त्या पातळीहूनही खाली. खाडी आणि शेत यांच्या मध्ये काय, तर मातीचा एक बांध. बांधातली ही झडप म्हणजे उघाडी. ओहोटीला ती पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरती आली की पाण्याच्याच दाबानं मिटते. शेताची तब्येत बघायला आलेल्यानं माती उकरण्याआधी इथे यावं. झडप गळत असेल, तर पुढचं निदान निम्मं झालंच म्हणायचं.

[दृश्य : भेगाळलेली जमीन, वर पांढरा थर.]

मातीचा नमुना घ्यायचा, पण कधी? मे महिन्यात खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि मीठ तेवढं वर उरतं. मातीत मीठ किती ते विद्युत वाहकतेवरून कळतं; ती ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. भाताचं उत्पन्न तर ३ ओलांडल्यावरच घटायला लागतं. हेच शेत ऑगस्टमध्ये तपासा, पावसानं बरंचसं मीठ धुऊन नेलेलं असतं. त्यामुळे नमुना कुठल्या महिन्यातला, हे न सांगणारा आकडा खारेपाटात फारसा कामाचा नाही. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, जस्त असे बारा घटक असतात. बांध त्यात नाही.

[दृश्य : पहिला पाऊस, पाण्यानं भरलेली खाचरं.]

आता जिवंत खुणा. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे शेतात चढले का? लावणीनंतर चतुर दिसतात का, रात्री बेडूक ओरडतात का? कीटकनाशकाचा मारा झाला, की हे आवाज आधी कमी होतात. बगळ्यांवर मात्र विसंबू नका, ते कुठल्याही ताज्या चिखलणीवर उतरतात. खेकडा तर दोन्हीकडून बोलतो. तो आहे म्हणजे चिखलात जीव आहे, पण त्याच्याच बिळातून बांध झिरपायला लागतो.

[दृश्य : तुटलेला बांध, पलीकडे दाट हिरवळ.]

इथे उधाणात बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली गेली नाही. शेतात खाडीचं पाणी खेळू लागलं, मागोमाग कांदळवन रुजलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर ते तोडता येत नाही. मासे, खेकडे, चिखलात साठणारा कर्ब मोजला, तर ही जागा शेजारच्या खाचरापेक्षा सरस ठरेल. सातबारावर मात्र अजून शेतच आहे, आणि त्यात भात होत नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. एकीच्या बळावर दुसरी खोडणाऱ्या अहवालावर आमचा विश्वास नाही.

पूर्वी पावसाआधी गाव मिळून बांधावर माती टाकायचं. आता घरातली तरुण माणसं कारखान्यात, नाहीतर मुंबईत. म्हणून आम्हाला विचाराल, तर तपासणीच्या तक्त्यात क्षारतेच्या शेजारी आणखी एक रकाना हवा : यंदा बांधावर माती पडली का, आणि कोणी टाकली?