रिकामा टँकर परत पाठवताना

नमस्कार श्रोतेहो.

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाट लागतो. पुढे टँकर असला की एसटी त्याच्या मागे रांगत राहते आणि दहा-पंधरा मिनिटं आपल्या डोळ्यांसमोर टाकीची ती गोल पाठ असते. त्या पाठीवर एक चौकोनी पाटी असते. पाटीवर आतल्या रसायनाचं नाव, एक चार आकडी क्रमांक, चौकोन कोपऱ्यावर उभा करून काढलेलं धोक्याचं चिन्ह आणि फोन नंबर असतात. आपण ती पाटी बघतो, पण वाचत नाही. आज मी तिच्याबद्दल बोलणार आहे, आणि टाकी भरण्याआधी ती तपासणाऱ्या माणसाबद्दलही. कोकणातल्या एका रासायनिक कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी 26 वर्षं काढली. त्यातली बरीचशी गेटवर, टँकरच्या शिडीवर चढण्या-उतरण्यात गेली.

आधी पाटी. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 चे आहेत. भोपाळनंतर देशात जे कायदे-नियम झाले, त्याच काळातले. त्यात या पाटीची मापंसुद्धा दिलेली आहेत. ती दोन्ही बाजूंना आणि मागे अशी तीन ठिकाणी हवी. चार आकडी क्रमांकाची उंची निदान 100 मिलिमीटर हवी, नावाची अक्षरं निदान 50 मिलिमीटर. कारण उघड आहे. जो माणूस ती वाचणार, तो जवळ जाऊ शकणार नाही अशाच वेळी तिची गरज पडते. 1203 म्हणजे पेट्रोल. 1075 म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. 1005 अमोनिया, 1017 क्लोरिन, 1830 सल्फ्युरिक आम्ल. हे क्रमांक जगभर एकच आहेत. अग्निशमन दलाचा माणूस लांबून ते चार आकडे वाचतो आणि त्यावरून फेस मारायचा की पाणी, वस्ती रिकामी करायची की नुसता रस्ता बंद करायचा, हे ठरवतो.

म्हणून कालच्या मालाची पाटी आजच्या मालावर राहणं हा माझ्या लेखी मोठा गुन्हा आहे. टँकर पेट्रोलची पाटी घेऊन दुसरंच काही वाहत असेल, तर आग विझवायला आलेल्या माणसाला आपण खोटं सांगतोय. चिखलानं भरलेली पाटी, नव्या रंगाखाली गेलेली पाटी, ताडपत्रीच्या दोरीखाली दबलेला शेवटचा आकडा, हे सगळं मी पाहिलंय. तुम्हालाही दिसेल, आता लक्ष द्याल तर.

आणि टँकर कलंडलेला दिसला, तर जवळ जाऊ नका. हे मी हात जोडून सांगतोय. 25 जून 2017 रोजी पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शरकिया इथं पेट्रोलचा टँकर उलटला. ईदच्या आदल्या दिवसाची सकाळ होती. आजूबाजूच्या गावांतली माणसं बादल्या, घागरी, डबे घेऊन सांडलेलं पेट्रोल भरायला धावली. आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे केरळात कण्णूरजवळ चाला इथं 27 ऑगस्ट 2012 च्या रात्री स्वयंपाकाच्या गॅसचा टँकर दुभाजकावर आदळून उलटला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा उतार शोधत जमिनीलगत पसरतो आणि एखाद्या घरातला दिवा त्याला पेटवायला पुरतो. तिथं वीस माणसं गेली. 13 जून 2023 रोजी आपल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ पुलावर टँकर पेटला, तेव्हा जळतं रसायन खालच्या रस्त्यावर पडलं. खालून जाणाऱ्यांचा त्या टँकरशी काय संबंध होता? चार जीव गेले. तेव्हा वाऱ्याच्या उलट दिशेला जा, म्हणजे वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहायला हवा. मोबाइलनं चित्रण करत थांबू नका, गाडी चालू करू नका. लांब गेल्यावर 112 ला फोन लावा आणि दिसले असतील तर ते चार आकडे सांगा.

आता गेटवर येतो.

टँकरची तपासणी कोण करतं असं विचारलं की लोक म्हणतात, आरटीओ. बरोबर आहे. मोटार वाहन निरीक्षक पासिंगला ब्रेक बघतो, टायर बघतो, धुराच्या नळीवरचा ठिणगी अडवणारा स्पार्क अरेस्टर बघतो. गाडी नवी असताना पासिंग दोन वर्षांचं, आठ वर्षं झाली की दरवर्षी. पेट्रोलच्या आणि दाबाखालच्या गॅसच्या टाक्यांवर पेसोची, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची नजर असते. गॅसच्या टाकीची पाण्याच्या दाबानं ठरावीक वर्षांनी चाचणी होते. पण पासिंग आणि पासिंग यांच्या मध्ये निदान 364 दिवस असतात. त्या दिवसांत टाकीवर काय गुदरलं, हे फक्त माल भरणाऱ्याच्या गेटवरचा माणूस बघू शकतो. नियमानंही ही जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर टाकलेली आहे. गाडी त्या मालासाठी योग्य आहे का, सुरक्षेचं सामान आहे का, ड्रायव्हर शिकलेला आहे का, हे त्यानं बघायचं आहे. टँकर रिकामा असतो तेव्हा त्याला परत पाठवायला काहीही लागत नाही. एकदा भरला की त्याला परत पाठवणं जवळजवळ अशक्य होऊन बसतं. उतरवायचा कुठे, कशात, कोणत्या पंपानं?

आम्ही सल्फ्युरिक आम्ल पाठवायचो. या आम्लाची एक गंमतशीर वाटणारी पण जिवावरची गोष्ट सांगतो. तीव्र आम्ल साध्या लोखंडी टाकीतून जातं. त्यात पाणी मिसळलं की तेच आम्ल लोखंड खायला लागतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो, म्हणजे पेटणारा वायू. शिवाय पाणी आणि आम्ल एकत्र आले की प्रचंड उष्णता निर्माण होते. टाकी धुऊन आणली आणि तळाला चार बादल्या पाणी राहिलं, तरी ती धोक्याची. ड्रायव्हर अभिमानानं सांगायचे, साहेब, स्वच्छ धुऊन आणलीय. मी म्हणायचो, धुतलीत हे चांगलं केलंत, पण वाळवलीत का?

दुसरी गोष्ट वजनाची. पाण्याच्या तुलनेत पेट्रोल हलकं, आम्ल जवळजवळ पावणेदोन पटींहून जड. 12,000 लिटरच्या टाकीत पेट्रोल भरलं तर ते 9 टनांच्या आत बसतं. त्याच टाकीत आम्ल काठोकाठ भरलं तर 22 टन होईल. म्हणून आम्लाच्या टाक्या लहान असतात. कुणी मोठी टाकी घेऊन आला आणि आम्ही त्यात वजनापुरतं आम्ल भरलं, तर काट्यावर आकडा अगदी बरोबर येतो. पण टाकी अर्धी रिकामी राहते. मग घाटात वळणावर तो द्रव एका बाजूला धावतो आणि ड्रायव्हरनं स्टिअरिंग सरळ केलं तरी आतला माल अजून वळतच असतो. ब्रेक दाबला की सगळा पुढे येतो. हे थोपवायला टाकीच्या आत भोकं असलेल्या आडव्या पट्ट्या लावतात. त्या बाहेरून दिसत नाहीत आणि निखळल्या तरी कुणाला कळत नाही. गॅसचं पुन्हा उलट आहे. तिथं टाकी काठोकाठ भरणं हाच धोका. दाबाखाली द्रव झालेला गॅस उन्हानं फुगतो, त्याला फुगायला वर मोकळी जागा लागते. स्पेनमध्ये 1978 च्या जुलैत प्रोपिलीन या पेटणाऱ्या वायूचा असाच जास्त भरलेला टँकर, दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसलेला, लॉस अल्फाकेस नावाच्या समुद्रकाठच्या सुट्टीच्या तळाजवळ फुटला. 217 माणसं गेली. कुठल्या तरी गेटवर कुणीतरी तो टँकर भरला होता आणि रस्त्यावर सोडला होता.

आणि ड्रायव्हर. धोकादायक माल नेणाऱ्या ड्रायव्हरला लिहिता-वाचता यायला हवं, तीन दिवसांचं प्रशिक्षण हवं, परवान्यावर तशी नोंद हवी, केबिनमध्ये ट्रेम कार्ड हवं, म्हणजे गळती झाली तर काय करायचं ते सांगणारा कागद. कागद बहुतेकांकडे असायचे. मी कागद बघायच्या आधी एकच प्रश्न विचारायचो, मामा, आत काय घेऊन जाणार? उत्तर ‘केमिकल’ आलं की मी त्यांना खाली बसवायचो, चहा द्यायचो आणि पुन्हा सगळं सांगायचो. हाताला लागलं तर काय, डोळ्यात गेलं तर किती वेळ पाणी मारायचं, सांडलं तर कुठं उभं राहायचं. यात अर्धा तास जायचा. डिस्पॅचवाले माझ्यावर चिडायचे.

त्यांचं चिडणं एकदा मी मनावर घेतलं. जुलैची रात्र होती, पाऊस कोसळत होता, माल सकाळी घाटावर पोचायलाच हवा होता. टाकीच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी चकती, कडक होऊन तडकलं होतं आणि झाकणाचा एक बोल्ट नव्हता. मी रजिस्टरात शेरा लिहिला, ‘परतल्यावर बदलून घेणे’, आणि सही केली. कुंभार्लीच्या चढावर द्रव मागे सरकला, झाकणातून पाझरायला लागला. वरून पाऊस. टाकीवर वाफा दिसल्या म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली, आणि क्लीनर पोरगा झाकण आवळायला वर चढला. वीस वर्षांचाही नसेल. त्याच्या उजव्या हातावर आणि मानेवर आम्ल उडालं. तो वाचला. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्यानं मलाच विचारलं, साहेब, तुम्हाला काही बोलले तर नाहीत ना वरचे?

त्यानंतर मी रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना वापरलाच नाही. गाडी भरायची किंवा भरायची नाही, एवढंच लिहायचो. ‘बदलून घेणे’ ही आपल्या कारखान्यांतली फार सोयीची ओळ आहे. ती लिहिणाऱ्याला वाटतं, आपण काम केलं.

पण गेटवरच्या माणसाला नाही म्हणता यायला हवं असेल, तर त्याच्या पाठीशी कुणीतरी उभं असायला हवं. मालकानं, व्यवस्थापकानं आणि सरकारनंही. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी रस्त्याकडेला टँकरमधून चाललेली इंधनाची चोरी आणि भेसळ पाहिली, थांबून जाब विचारला, आणि त्यांना जिवंत जाळण्यात आलं. प्रजासत्ताक दिनाचा आदला दिवस होता. त्यांचं नाव मी प्रत्येक प्रशिक्षणात घ्यायचो. टँकर थांबवून प्रश्न विचारणं हे किती एकट्याचं काम होऊ शकतं, हे नव्या पोरांना कळावं म्हणून. तुमच्या गावातला कुणी अशा गेटवर, आरटीओत, तपासणी नाक्यावर नोकरीला असेल आणि त्यानं गाडी अडवली म्हणून तुमच्या ओळखीचा कुणी तक्रार घेऊन आला, तर आधी त्यानं का अडवली ते विचारा.

साताऱ्याकडचे एक ड्रायव्हर होते, वयानं माझ्यापेक्षा मोठे. धुतलेली पण ओली टाकी म्हणून मी त्यांना ऐन दिवाळीच्या तोंडावर रिकामं परत पाठवलं होतं. त्यांची खेप गेली, भाडं गेलं. जाताना ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि मला ते फार लागलं. पुढे दीड-दोन महिन्यांनी त्यांची गाडी पुन्हा गेटवर आली. मी शिडीकडे निघालो तर ते माझ्या आधीच वर चढले होते. त्यांनी झाकण उघडलं, माझ्या हातातली बॅटरी मागून घेतली आणि म्हणाले, “या साहेब, बघा. दोन दिवस उन्हात उघडी ठेवली होती.”

टाकी कोरडी होती. झाकणाचं गॅस्केटही नवं होतं.

नमस्कार.