थप्पीतला धंदा

(दृश्य : गोदाम, काट्यावर सोयाबीन)

ऑक्टोबर महिना. लातूर भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकरीच सभासद असलेली कंपनी. पोतं काट्यावर चढण्याआधी मॅनेजर त्यात नळी खुपसून मूठभर दाणा काढतात. ओलावा मापकावर आकडा येतो : १६. हमीभावाच्या खरेदीचा निकष १२ टक्क्यांचा. फरक चारचाच, पण १६ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल माल १२ वर वाळला की सुमारे साडेपंच्याण्णव क्विंटल भरतो. काडीकचरा वेगळाच. भाव बोलायचा तो ही घट धरूनच.

केंद्राच्या २०२० च्या योजनेत अशा कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. पुढे मॅनेजरचा पगार धंद्यातूनच निघायला हवा. नुसती वही सांभाळणारा माणूस तिथं पुरत नाही.

(दृश्य : ओलं गोणपाट, दाण्यांच्या ओळी)

संचालकांना आता बियाणं विकायचंय. ग्रेडिंगची, म्हणजे दाण्याची प्रतवारी करणारी मशीन आधी घ्या, अनुदान आहे, असा आग्रह. अनुदानावर आलेली मशीन ताडपत्रीखाली गेल्याचं मराठवाड्याला नवं नाही.

मॅनेजर सुरुवात करतात शंभर दाण्यांच्या उगवण चाचणीनं. वेगवेगळ्या पोत्यांतून काढलेले, न निवडलेले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी सावलीत. रोज पाणी शिंपडायचं, पण साचू द्यायचं नाही; दाणा कुजला की चांगलं बियाणंही नापास ठरतं. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून फक्त धड, निरोगी कोंब मोजायचे. ७० आले तर एकरी ३० किलो पुरतं. ६० आले तर तेवढ्याच रोपांना ३५ किलो लागतं, आणि गिऱ्हाईक तेवढा भाव पाडून मागतं.

(दृश्य : हमाल, थप्पी)

सोयाबीनचं साल पातळ, अंकुर सालीलगतच. मळणी यंत्र जोरात फिरवलं, पोतं खांद्यावरून आपटलं, थप्पी उंच रचली, की उगवण घसरते. दाणा मात्र वरून चकचकीतच दिसतो.

मशीनचा ठराव तूर्त पुढे ढकललाय. आधी सभासदांकडून बियाण्याची आगाऊ नोंदणी, तीही पैसे भरून. तोंडी होकार धरायचा नाही. ग्रेडिंग यंदा दुसऱ्याच्या मशीनवर, क्विंटलमागे भाडं देऊन. आणि बियाणे विक्रीचा परवाना हाती येईपर्यंत एकही पिशवी गोदामाबाहेर नाही.