रंग पोचला, रेघ नाही: एका पोस्टकार्डावरचा इंडोनेशिया

हे कार्ड मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त कडेनं धरा. कागद जुना आहे. गरुड इंडोनेशियन एअरवेजचं आहे. त्या काळी विमान कंपन्या प्रवाशांना अशी कार्डं फुकट देत. साल छापलेलं नाही, पण विमान पंख्यांचं आहे, दोन इंजिनांचं कॉन्व्हेअर, म्हणजे १९५०चं दशक. ‘जकार्ता’ची रोमन अक्षरं ‘डी’नं सुरू होतात, तो डी १९७२च्या लेखनसुधारणेत गळाला.

गरुड कोण, हे या सभागृहात सांगायला नको. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशानं विष्णूचं वाहन राष्ट्रचिन्हावर घेतलं आणि विमानावरही. २७ डिसेंबर १९४९ला डचांनी सत्ता सोडली. दुसऱ्याच दिवशी देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो तोवरच्या राजधानीहून, योग्यकर्त्याहून, जकार्ताला आले, ते गरुडाचं नाव ल्यालेल्या डाकोटा विमानातून.

पण मला त्याच्या आधीचं विमान जास्त जवळचं वाटतं. १९४८मध्ये सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरच्या अचेच्या लोकांनी वर्गणी काढून एक डाकोटा घेऊन दिलं, ‘सेउलावाह’. दुरुस्तीसाठी ते आपल्या कलकत्त्याला आलं आणि १९ डिसेंबरला डचांनी योग्यकर्त्यावर हल्ला केला. परतायला देशच उरला नाही. मग १९४९च्या जानेवारीपासून ते ब्रह्मदेशात भाड्यानं उडू लागलं आणि मिळकत स्वातंत्र्यलढ्याला जाऊ लागली. राजधानी शत्रूच्या हाती, आणि विमान कंपनी परक्या मुलुखात सुरू! मला हे आजही विलक्षण वाटतं.

आता कार्डावरचा नकाशा. जावातला बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप, बालीची नर्तकी, सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांची होडीसारख्या छपराची घरं. पण मला समुद्र पाहायचाय. इंडोनेशियन भाषेत मायभूमीला ‘तानाह आइर’ म्हणतात, म्हणजे जमीन-पाणी. आपण ‘आसेतुहिमाचल’ म्हणतो तसं ते ‘साबांगपासून मेरौकेपर्यंत’ म्हणतात, पश्चिम टोकापासून पूर्व टोकापर्यंत. अंतर पाच हजार किलोमीटरच्या पुढे, आणि मध्ये बहुतेक पाणीच. डचांच्या काळातल्या नियमांत प्रत्येक बेटाभोवती फक्त तीन सागरी मैलांचा पट्टा आपला, पलीकडे खुला समुद्र. डिसेंबर १९५७मध्ये पंतप्रधान ज्वांदांच्या घोषणेनं सांगितलं, की बेटांमधलं सगळं पाणी आमचंच. चित्रकारानं तर बेटं आणि पाणी एकाच चौकटीत बांधून टाकलीत, आणि वरून विमानमार्गांच्या तांबड्या रेघा टाचल्यात, गोधडीला टाके घालावेत तशा.

तिमोरचा पूर्व भाग कोरा आहे. तिथे, गोव्यात होते तेच, पोर्तुगीज. आणि अगदी उजवीकडे न्यू गिनीचा पश्चिम अर्धा भाग, ज्यात ते मेरौके येतं. तो हिरवा रंगवलाय, पण तेव्हा तिथे डचच होते. इंडोनेशियाकडे तो आला १ मे १९६३ला, आणि १९६९मध्ये तिथलं ‘सार्वमत’ म्हणून हजाराच्या आसपास निवडक माणसांना विचारलं गेलं, तेही लष्कराच्या देखरेखीत. तिथल्या पापुआ लोकांचं दुःख मला या कार्डाच्या कौतुकात झाकायचं नाही. भिंग घेऊन पाहा: हिरवा रंग मेरौकेपर्यंत गेलाय, तांबडी रेघ मात्र अलीकडेच थांबली आहे.