एक रुपयाचा ट्रायल आणि आठवड्याची कात्री

नमस्कार मंडळी! आज थेट स्क्रीनवरच येऊ.

[स्क्रीनवर: आम्ही तयार केलेला नमुना. कुठल्याही खऱ्या ॲपचा नाही.]

समजा हे फोटो सजवायचं ॲप आहे. वर ठळक अक्षरांत ‘७ दिवस फक्त १ रुपया’. त्याखाली भलंमोठं हिरवं बटण, ‘सुरू करा’. आता बटणाच्या खाली बघा. पांढऱ्यावर फिकट राखाडी, बारीक टायपात एक ओळ आहे. झूम करतो. ‘त्यानंतर दर आठवड्याला २९९ रुपये, रद्द करेपर्यंत.’

आठवड्याला बरं का, महिन्याला नाही! रिचार्ज, पेपरचं बिल, दूधवाला, आपला सगळा हिशेब महिन्याचा. त्यामुळे आठवड्याचा दर वाचूनही डोक्यात महिन्याचाच आकडा बसतो. वर्षाचे ५२ आठवडे धरा, साडेपंधरा हजार होतात. फोटोवर फुलं चिकटवायला साडेपंधरा हजार!

आणि बंद करायची फुली? ती आहे कोपऱ्यात, पण स्क्रीन उघडल्यावर चार-पाच सेकंदांनी उगवते. तोवर घाईतला माणूस हिरवं बटण दाबून मोकळा झालेला असतो.

अशा डिझाइनला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरने २०१० मध्ये हे नाव दिलं. हे काही कुणाच्या गलथानपणातून घडत नाही. कुठलं बटण किती मोठं केलं की किती लोक दाबतात, फुली किती उशिरा आणली की किती जण फसतात, हे मोजून ठरवता येतं. म्हणून ‘तू नीट वाचलं नाहीस’ असं फसलेल्यालाच सुनावणाऱ्यांचा मला राग येतो. वाचलं जाऊ नये म्हणूनच ती ओळ तशी छापलेली असते.

पण स्क्रीन ही निम्मीच गोष्ट. आपल्याकडचा खरा खेळ होतो पिन टाकताना.

हिरवं बटण दाबलं की यूपीआय ॲप उघडतं. तुम्हाला वाटतं, एक रुपया तर द्यायचाय. पिन टाकता, रुपया जातो, कधीकधी तर तोही परत येतो. पण तुम्ही नुसता रुपया दिलेला नसतो. तुम्ही मॅन्डेट मंजूर केलेलं असतं, म्हणजे ‘माझ्या खात्यातून पुढेही पैसे काढत राहा’ अशी परवानगी. पिन टाकायच्या आधी त्या स्क्रीनवर तीन गोष्टी असतात, त्या बघाच. एक, कमाल रक्कम. ॲपने २९९ सांगितलं असलं तरी मॅन्डेट त्याहून मोठ्या रकमेचं असू शकतं. दुसरी, किती दिवसांनी पैसे कटणार. आणि तिसरी, मॅन्डेट संपण्याची तारीख, जी कधीकधी कितीतरी वर्षं पुढची असते.

या मॅन्डेटवर आपोआप पैसे कापण्याच्या सोयीचं नाव यूपीआय ऑटोपे. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० मध्ये ते आणलं. सोय म्हणून ते उत्तमच आहे. विजेचं बिल, एसआयपी, विम्याचा हप्ता आपोआप भरला जातो, तारीख चुकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतची वजावट पुन्हा पिन न विचारता होऊ शकते. हीच सोय ट्रायलवाल्यांच्याही पथ्यावर पडते.

मग सातव्या दिवशी काय होतं? बहुतेकांनी तोवर ॲप काढून टाकलेलं असतं. ‘डिलीट केलं की, विषय संपला!’ अहो, संपला कुठे? ॲप फोनमधून गेलं, मॅन्डेट तुमच्या बँकेत शाबूत आहे. भाड्याची खोली सोडताना कुलूप लावून किल्ली खिशात घेऊन निघालात, म्हणून घरमालक भाडं थांबवतो का?

आता कुणी म्हणेल, पैसे कटण्याआधी मेसेज येतो ना? येतो. निदान २४ तास आधी कळवायलाच हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण त्या मेसेजमध्ये बऱ्याचदा ॲपचं नाव नसतं, त्यामागच्या कंपनीचं असतं. ॲपचं नाव ‘फुलपाखरू’, मेसेजमध्ये भलत्याच कुठल्या प्रायव्हेट लिमिटेडचं नाव. लोनच्या आणि लॉटरीच्या मेसेजच्या गर्दीत तोही स्पॅम वाटतो. वरवर स्वाइप केला, गेला.

बरं, हे फक्त किरकोळ ॲपवाले करतात असं नाही.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. आरोप असा की ग्राहकांना नीट न सांगता प्राइमचं, म्हणजे ॲमेझॉनच्या पैसे भरून घ्यायच्या योजनेचं, सदस्य करून घेतलं आणि बाहेर पडणं मुद्दाम अवघड ठेवलं. आत यायला एक-दोन क्लिक. बाहेर जायला चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. कंपनीत या रद्द करण्याच्या प्रक्रियेला काय म्हणायचे, ठाऊक आहे? ‘इलियड’. होमरचं ते महाकाव्य, वर्षानुवर्षं चाललेल्या ट्रॉयच्या युद्धाचं. नाव ठेवणाऱ्याला आपण काय बनवतोय याची पुरेपूर कल्पना असणार, असं आपलं मला वाटतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि काही दिवसांतच समझोता झाला. २.५ अब्ज डॉलर! त्यातला १ अब्ज दंड आणि दीड अब्ज ग्राहकांना परत. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ‘मला प्राइम नको’ असं सरळ सांगणारं बटण ठेवण्याची अट तिला मान्य करावी लागली.

आपल्याकडे? आपल्याकडे नियम आहे, आणि खरं सांगू, चांगला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. सगळे वाचत बसत नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लाजवणं त्यात आहे. विमानाचं तिकीट काढताना विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ असं बटण दाबायला लावणं, हे उदाहरण त्या नियमांतच आहे. आपल्या कामाचा प्रकार म्हणजे सबस्क्रिप्शन ट्रॅप. रद्द करण्याचा पर्याय लपवणं किंवा किचकट करणं त्यात येतंच. पण पुढचं कलम ऐका: फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचा तपशील किंवा ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणं, हाही ट्रॅपच. आता हा मघाचा हिरव्या बटणाचा स्क्रीन परत बघा. तिथे १ रुपया घेतलाय, म्हणजे ट्रायल ‘फुकट’ नाही, असा युक्तिवाद उद्या कुणी केला तर मला मुळीच नवल वाटणार नाही.

असो. आता फोन हातात घ्या.

तुमच्या यूपीआय ॲपमध्ये प्रोफाइलमध्ये जा आणि ‘ऑटोपे’ शोधा. चालू असलेली सगळी मॅन्डेट्स तिथे दिसतील. नको असलेलं तिथूनच रद्द करा. एक मात्र लक्षात ठेवा, यूपीआय ॲप एकाहून जास्त असतील तर प्रत्येकात बघा. कार्डावरून सुरू केलेलं सबस्क्रिप्शन इथे दिसणार नाही. ते अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या प्रोफाइलमध्ये ‘सबस्क्रिप्शन्स’खाली असू शकतं, आयफोनवर सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर टॅप करून. थेट वेबसाइटवर कार्ड दिलं असेल तर त्या वेबसाइटवरच जावं लागेल. ट्रायल घ्यायचाच असेल तर घेतल्याबरोबर रद्द करून टाका. प्ले स्टोअरवरून घेतलेले बहुतेक ट्रायल रद्द केल्यावरही मुदत संपेपर्यंत चालतात.

आणि हो, आईबाबांचा फोनही मागून घ्या. पंचांग, भजनं, पीडीएफ उघडायचं ॲप, क्यूआर स्कॅनर, असल्या साध्यासुध्या ॲपमध्ये आठवड्याची कात्री लपलेली सापडते. त्यांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी पैसे कटले तरी सांगणार नाहीत.

पैसे गेलेच असतील तर आधी मॅन्डेट रद्द करा, मग ॲपवाल्याकडे लेखी परतावा मागा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. मराठीतही बोलता येतं. फोन करण्याआधी बँकेचा तो मेसेज, व्यवहाराचा क्रमांक आणि त्या बारीक ओळीचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. स्क्रीनशॉट आधी काढा, कारण ॲपमधला स्क्रीन कंपनी कधीही बदलू शकते.