काचेच्या पेटीतला कृष्णपक्ष

घरच्या रीफ टँकचे, म्हणजे खाऱ्या पाण्यात प्रवाळ वाढवायच्या काचेच्या पेटीचे, मुख्य दिवे टायमरने बंद झालेत. वरती निळ्या एलईडींची एक रांग तेवढी चालू आहे. दुकानदार तिला ‘मूनलाइट’ म्हणतात. तिच्या उजेडात प्रवाळ हिरवे, केशरी चमकतात आणि पाहणारा हरखून जातो.

पण चंद्र असा नसतो. चांदणं म्हणजे परतून आलेलं ऊनच. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना निळा रंग अधिक जाणवतो, म्हणून ते निळसर भासतं. आणि ते असतं फार मंद! लक्स या उजेडाच्या मापात भर दुपारचं ऊन एक लाखाच्या घरात. निरभ्र पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स. रात्रभर जळणारी ही निळी रांग आपल्या डोळ्यांसाठी आहे. प्रवाळांना हवा असतो अंधार.

तो झाला, की बघा. दिवसभर आखडून बसलेले पॉलिप, म्हणजे प्रवाळ ज्यांचा बनतो ते इवले जीव, फुलतात आणि बारीक स्पर्शिका पसरून पाण्यातले सूक्ष्मजीव पकडू लागतात. खडकांच्या फटींतून कोपेपॉड हे कोळंबीच्या नात्यातले इवले जीव बाहेर पडतात. हे पाहायचं असेल, तर मंद लाल टॉर्च घ्या. यातल्या बहुतेक जीवांना लाल उजेड फारसा जाणवत नाही.

प्रवाळांना डोळे नाहीत, तरी चंद्र कळतो. निळा प्रकाश टिपणारी क्रिप्टोक्रोम प्रथिनं त्यांच्यात असल्याचं 2007 मध्ये दिसून आलं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर दरवर्षी पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रींत असंख्य प्रवाळ एकदम बीजं, म्हणजे अंडी आणि शुक्राणू, सोडतात. त्यांना तिथी कोण सांगतं? तैवानमधल्या एका प्रवाळाबाबत 2021 मध्ये उत्तर मिळालं, आणि संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहिलेल्या कुणालाही ते चटकन समजेल. पौर्णिमेला सूर्य मावळतो तोच चंद्र उगवतो. पुढे तो रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधला हा वाढता काळोख, हाच त्या प्रवाळाचा इशारा! दिवा सतत चालू असेल, तर हा इशारा पोचणारच कसा?

लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वेळापत्रक मनापासून पाळलं. समुद्रातलं ऋतूंप्रमाणे बदलणारं तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राचा उदयास्त त्यांनी टँकमध्ये जसाच्या तसा उतरवला. बंदिस्त पाण्यात अ‍ॅक्रोपोरा या प्रकारच्या प्रवाळांनी बीजं सोडली. 2017 मध्ये त्यांनी ही पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली.

घरी एवढा खटाटोप कुणी करावा असं मी म्हणणार नाही. मूनलाइट हवाच असेल, तर अगदी मंद ठेवा, उजेड चंद्राप्रमाणे कमी-जास्त करणारा कंट्रोलर लावा आणि अमावास्येला पूर्ण बंद करा. खिडकीतून रस्त्यावरचा दिवा थेट टँकवर पडत असेल, तर पडदा ओढा.

टँकमधल्या क्लाउनफिश माशांच्या जोडीने अंडी घातली असतील, तर अंधाराची काळजी आणखी घ्यावी लागते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रात्री एलईडीच्या उजेडात ठेवलेल्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. पिल्लं साधारण आठवडाभराने, काळोख पडल्यावर थोड्याच वेळात बाहेर पडतात. म्हणून अंड्यांमध्ये चंदेरी डोळे दिसू लागले, की टँकवरचा दिवा बंद करा, हॉलमधलाही.