गठ्ठा सोडून बघणारी माणसं

(एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'चुकीची शिक्षा आणि भरपाईचा कायदा'. तो मीच कळवला होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कायद्याकडे मी येणार आहे. पण त्याआधी ज्यांचं नाव निकालपत्रात कधी येत नाही, अशा माणसांबद्दल बोलतो. निरपराध माणूस वीस वर्षांनी तुरुंगातून सुटतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो येतो. फोटोत तो स्वतः, त्याची म्हातारी आई आणि काळ्या कोटातले वकील. माझं म्हणणं असं, की या फोटोत आणखी एक जण पाहिजे. ज्यानं कोर्टाच्या कागदांच्या धुळीतल्या गठ्ठ्याची गाठ सोडली आणि नेमका कागद वर काढला तो.

मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली. म्हणजे हे कारकुनानं केलेलं कारकुनाचं कौतुक आहे, असं पहिल्या रांगेतले वकीलसाहेब मनात म्हणत असतील. म्हणू देत. ते बोलायचे पैसे घेतात, मी आज फुकट बोलतोय.

अमेरिकेत 'इनोसन्स प्रोजेक्ट' नावाची संस्था आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. बॅरी शेक आणि पीटर न्यूफेल्ड या दोन वकिलांनी १९९२ साली न्यू यॉर्कच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये ती सुरू केली. डीएनए तपासणी तेव्हा नवी होती. जुन्या खटल्यातला रक्ताचा डाग किंवा वीर्याचा नमुना आज तपासला तर खरा गुन्हेगार कोण हे कळू शकतं, एवढा साधा विचार. ऐकायला फार शास्त्रीय वाटतं. पांढरे कोट, काचेच्या नळ्या. प्रत्यक्षात त्या संस्थेतलं काम सुरू होतं टपालापासून. कैद्यांची पत्रं येतात, वर्षाला हजारोंनी. बरीचशी हातानं लिहिलेली, काही दुसऱ्या कैद्याकडून लिहून घेतलेली. ती उघडायला, वाचायला आणि उत्तर द्यायला माणसं असतात. वकील नंतर. आधी हे पत्रवाले, मग लॉ कॉलेजची पोरं, मग प्रकरणाचा अभ्यास करणारे. आणि माणूस सुटला की त्याला घर, ओळखपत्र, दातांचा डॉक्टर मिळवून देणारे समाजसेवक. वीस वर्षं आत राहिलेल्या माणसाला दातांचा डॉक्टर लागतोच, हे आपल्या लक्षातही येत नाही.

पत्र वाचून प्रकरण पटलं की पुढचा प्रश्न असतो, मुद्देमाल कुठे आहे? तपासायला नमुना तर पाहिजे. तो असतो पोलिसांच्या गोदामात. आपल्याकडे पोलीस ठाण्यात मुद्देमाल कारकून असतो ना, तसाच न्यू यॉर्क पोलिसांचाही मुद्देमालाचा विभाग आहे. डीएनएची तपासणी लवकर होते हो, नमुना शोधण्यात वर्षं जातात.

न्यू यॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागातल्या एका माणसाचं प्रकरण सांगतो. गुन्हा १९८४ चा, बलात्काराचा. साक्षीदारांनी याला ओळखलं आणि १९८५ मध्ये शिक्षा झाली. १९९४ मध्ये यानं अर्ज केला, माझा डीएनए तपासा. उत्तर आलं, मुद्देमाल सापडत नाही. पुढे हे प्रकरण इनोसन्स प्रोजेक्टनं घेतलं. त्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाला विनंती केली, की संगणकात आणि वहीत बघू नका, प्रत्यक्ष गोदामात जाऊन हातानं शोधा. गंमत बघा, ज्यांनी त्याला आत घातलं त्याच कार्यालयातल्या बाईंनी ती विनंती मनावर घेतली आणि पाठपुरावा केला. शेवटी २००५ मध्ये त्याच शहरातल्या क्वीन्स भागातल्या गोदामात तो नमुना मिळाला. कुठे मिळाला? ज्या पिंपात तो १९८४ साली ठेवला होता, त्याच पिंपात! नोंदीप्रमाणे जिथं असायला हवा होता, बरोबर तिथं. डीएनए जुळला नाही. जुलै २००६ मध्ये माणूस सुटला. १९९४ ते २००६ ही बारा वर्षं त्याच्या आयुष्यातून कुणी घेतली? खोट्या साक्षीनं नाही, वाईट न्यायाधीशानं नाही. 'सापडत नाही' या दोन शब्दांनी.

आता इथं मला थोडं स्वतःचं दुःख सांगायचंय. संयोजक घड्याळाकडे बघताहेत, पण त्यांनी अजून चिठ्ठी पाठवलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मला स्वतःलाच नक्कल काढायची वेळ आली. मेहुण्यांचा जमिनीचा जुना दावा, त्यातल्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाची, सहीशिक्क्याची नक्कल हवी होती. कोर्ट कुठलं ते सांगत नाही, इथं त्या तालुक्याचे जावई बसलेत. अर्ज नीट लिहिला. माझा अर्ज चुकेल कसा? वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे अर्ज चुकलेले काढून मी परत केलेत. खिडकीतल्या तरुण मुलानं अर्ज घेतला, आठवड्यानं या म्हणाला. आठवड्यानं गेलो, म्हणाला, "काका, सापडत नाही. पुरात गेलं असेल."

आता ते कोर्ट आहे टेकडीवर. तिथपर्यंत पूर चढला असता तर तालुकाच उरला नसता, नकलेसाठी मी कशाला उरलो असतो? पण पूर हे आपल्याकडचं सोयीचं उत्तर आहे. ज्या गावाला नदी नाही तिथल्याही फायली पुरात जातात. मी म्हटलं, बाळ, पूर नको, दुसरं सांग. म्हणाला, मग उंदरांनी खाल्लं असेल. म्हटलं, सबंध साल खाल्लं? उंदीर हुकूमनामे वाचून निवडतात का? (हशा) तेव्हा तो खरं बोलला. रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या ज्यांच्याकडे आहेत ते रजेवर आहेत, आणि ते आले तरी तिकडे कुणी आत जात नाही. वहीत बघतात, वहीत खूण नसेल तर सापडत नाही असा शेरा मारतात.

मी वऱ्हांड्यात बसून होतो. तिथल्या शिपाई मावशी झाडत होत्या. त्यांनी विचारलं, कुठल्या सालचं? सांगितलं. म्हणाल्या, "त्या सालचे गठ्ठे रंगकामाच्या वेळी जिन्याखाली नेले होते, ते परत वर कुणी आणलेच नाहीत." किल्ल्यांचे साहेब रजेवरून आल्यावर त्यांच्यासमोर मावशींनीच जिन्याखालचे गठ्ठे ओढून काढले. पदर नाकाला लावून, लाल फडकी सोडून. हुकूमनामा निघाला. कोपरासुद्धा कुरतडलेला नव्हता.

नक्कल हातात पडली. तिच्या मागे शिक्का असतो, बघितलाय ना? अर्ज आल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, दिल्याची तारीख, लिहिणाऱ्याची सही, ताडून पाहणाऱ्याची सही. शोधणाऱ्यासाठी रकाना नाही. मी स्वतः असे किती शिक्के मारले असतील, पण हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मावशींचं नाव कशातच नाही. मेहुण्यांनी पेढे वकिलांना दिले.

असो. चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं उरली म्हणताहेत. म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा बरीच कमी.

एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मी पुढं जाऊ शकत नाही. जिम मॅकक्लॉस्की. इनोसन्स प्रोजेक्टच्याही आधीचा. नौदलात होता, व्हिएतनामला जाऊन आला, मग कंपन्यांना सल्ला देण्याची बऱ्या पगाराची नोकरी. पस्तिशी उलटल्यावर सगळं सोडून पाद्री व्हायला प्रिन्स्टनला गेला. १९८० मध्ये विद्यार्थी म्हणून ट्रेंटनच्या तुरुंगात कैद्यांना भेटायला पाठवलं, तर तिथं एक जण सारखा म्हणायला लागला, मी खून केलेला नाही. तसं तुरुंगात सगळेच म्हणतात. पण या गृहस्थानं खटल्याचं सगळं रेकॉर्ड मिळवून वाचून काढलं. मग कॉलेजातून वर्षभर रजा घेतली आणि साक्षीदारांची दारं ठोठावत फिरला. खटला उभा होता तुरुंगातल्याच एका खबऱ्याच्या साक्षीवर, आणि ती खोटी निघाली. १९८३ मध्ये कैदी सुटला. मॅकक्लॉस्कीनं संस्था काढली, 'सेंच्युरियन'. वकील नव्हता, पोलीस नव्हता. वाचणारा आणि चालणारा माणूस होता.

याची दुसरी बाजू अशी. व्हर्जिनियात कोळशाच्या खाणीतल्या एका कामगाराला मेहुणीच्या खुनासाठी १९९२ मध्ये विजेच्या खुर्चीवर मारलं. तो निर्दोष आहे अशी मॅकक्लॉस्कीची खात्री होती. शेवटच्या संध्याकाळी तो त्याच्याबरोबर होता. पुढची कितीतरी वर्षं सेंच्युरियन मागं लागली होती, की उरलेला नमुना नव्या पद्धतीनं तपासा. २००६ च्या जानेवारीत निकाल आला. खून त्यानंच केला होता. मॅकक्लॉस्कीनं तो निकाल जाहीरपणे मान्य केला आणि दुसऱ्या दिवशी पुढची फाईल उघडली म्हणा ना! मला या लोकांबद्दल आदर वाटतो तो या प्रकरणामुळे जास्त. कागद आपल्या बाजूनं बोलेल की नाही हे माहीत नसताना तो उघडायला लावणं सोपं नाही. आपण बहुतेक लोक खात्री असेल तेवढेच कागद उघडतो. बायकोला विचारा.

आपल्याकडे असं काम होतं का? होतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठात 'प्रोजेक्ट ३९ए' नावाचा गट उभा राहिला, राज्यघटनेतल्या मोफत कायदेशीर मदतीच्या अनुच्छेदावरून नाव घेतलेला. फाशीच्या कैद्यांसाठी त्यांनी काम केलं. त्यात वकिलांच्या जोडीला समाजकार्य आणि मानसशास्त्र शिकलेली तरुण मुलं, कैद्याच्या गावी जाऊन शाळा, घर, शेजारी धुंडाळणारी. १९९४ साली पुण्यात एकाच घरात सात जणांचे खून झाले होते, ते पुण्याच्या लोकांना सांगायला नको. त्यातला फाशीची शिक्षा झालेला एक आरोपी राजस्थानचा. कोर्टाच्या कागदांत त्याचं वय विशीतलं आणि नावही थोडं वेगळं. बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या रजिस्टरात त्याची खरी जन्मतारीख होती. त्या हिशेबानं गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा! हे प्रकरण निर्दोष असण्याचं नव्हे, हे नीट लक्षात घ्या. मारली गेलेली माणसं खरी होती, त्यांचं दुःख खरं आहे. पण अल्पवयीनाला कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येत होतं. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं, तेव्हा अठ्ठावीस वर्षं होऊन गेली होती. आपण पोराच्या प्रत्येक कामाला शाळेचा दाखला मागतो, बसच्या पासालासुद्धा. फाशी सुनावताना तेवढ्या आग्रहानं कुणी मागितला नाही.

पाच मिनिटं. बरं. आता कायदा.

जालना जिल्ह्यातलं प्रकरण, जून २००३. दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना फाशी. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. कशावरून? वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधले चार वेगळेच सराईत गुन्हेगार ओळखले होते. त्याची नोंद झाली होती. त्या चौघांचा पुढे तपासच झाला नाही. म्हणजे इथंही कागद सोळा वर्षं जागेवरच! न्यायालयानं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख, महिन्याचे किती होतात ते घरी जाऊन काढा.

आणि हेही न्यायालयाच्या मनावर अवलंबून. भरपाई हक्कानं मागावी असा कायदा आपल्याकडे नाही. १९८३ मध्ये रुदुल शहा प्रकरण झालं. बिहारमधला हा माणूस निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षं तुरुंगातच होता. त्याला आधी मिळालेल्या पाच हजारांवर आणखी तीस हजार मिळाले. तेव्हापासून वाट तीच, न्यायालय देईल तेवढं घ्यायचं. कायद्याच्या पुस्तकात एक कलम जरूर आहे, पुरेसं कारण नसताना कुणाला अटक करवली तर करवणाऱ्यानं भरपाई द्यायची. जास्तीत जास्त एक हजार रुपये. नवी न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता सगळं आलं, ते हजार रुपये हजारच राहिले. सरकारला कायद्यांबद्दल सल्ला देणाऱ्या विधी आयोगानं २०१८ मध्ये यावर २७७ वा अहवाल दिला. जिल्ह्यात विशेष न्यायालय, ठरावीक मुदतीत निकाल, पैशांबरोबर समुपदेशन आणि रोजगाराचं शिक्षण. चांगला अहवाल आहे, वाचा. तोही गठ्ठ्यातच आहे. टेक्सासमध्ये चुकून भोगलेल्या वर्षाला ऐंशी हजार डॉलर असा दर कायद्यातच लिहिलाय. आपण तेवढे देऊ नका, पण दर तरी लिहा.

शेवटचा मुद्दा, मग बसतो. अमेरिकेत २००४ च्या केंद्रीय कायद्यानं एक नियम केला, की केंद्रीय गुन्ह्यातला माणूस कैदेत आहे तोवर त्याच्या खटल्यातला जैविक नमुना नष्ट करायचा नाही. आपल्याकडे मुदत संपली की मुद्देमालाची विल्हेवाट लागते आणि रेकॉर्डही नष्ट होतं. मुदती मला पाठ आहेत, सगळी नोकरी त्या राबवण्यातच घालवली. माझी मागणी एवढीच, की मुदत सालावर नको, माणसावर धरा. तो आत आहे तोवर त्याच्या खटल्याचा चिटोराही फेकायचा नाही, आणि प्रत्येक जिल्हा न्यायालयात हातानं शोधून देणारा एक माणूस पगारी नेमायचा, ज्याला 'सापडत नाही' लिहिण्याआधी गठ्ठा सोडल्याचं सहीनिशी सांगावं लागेल. याचा मसुदा मी करून आणलाय, दाराजवळच्या टेबलावर प्रती ठेवल्यात. वकीलसाहेब, तुम्ही हात वर केलाय, पण हॉल आठला रिकामा करायचाय म्हणे. खाली चहाजवळ भेटू.