दहा काडतुसं, तीन पाट्या

(दृश्य : लाकडी टेबल. रायफलीच्या कुशीतल्या झडपेतून अंगठ्यानं आत दाबलं जाणारं काडतूस.)

सात… आठ… नऊ… दहा.

या बाई तोंडातल्या तोंडात मोजतायत. शेजारी उभा असलेला माणूसही मोजतोय, त्याला त्यासाठीच उभं केलंय. दहा म्हणजे दहा. आणि सगळी नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये. गोळी सुटते तो कप्पा अजून रिकामा.

हे अ‍ॅरिझोना. फिनिक्स शहराच्या उत्तरेला बेन अ‍ॅव्हरी नेमबाजी केंद्र. 'विंटर रेंज' ही काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंगची अमेरिकेतली राष्ट्रीय स्पर्धा इथं भरते. म्हणजे काउबॉयांच्या काळच्या वेशात, त्या काळच्या घडणीच्या बंदुकांनी, घड्याळ लावून खेळायची नेमबाजी. रुंद काठाच्या टोप्या, जाकिटं, पायघोळ झगे. बेसबॉलची टोपी घालून आलात तर चालणार नाही. डोळ्यांवर चष्मा मात्र आजचाच हवा, कारण पोलादावर आपटलेल्या शिशाचे तुकडे उडतात, आणि ते काही १८७३ साल बघून उडत नाहीत.

प्रत्येकाला टोपणनाव असतं. तेही रीतसर नोंदवलेलं, एकाचं दुसऱ्याला मिळत नाही. शेजारच्याचं खरं नाव ठाऊक नसलं तरी इथं कुणाचं अडत नाही.

सुरुवात १९८२ची. कॅलिफोर्नियात, कोटो दे काझा इथं काही हौशी नेमबाजांनी पहिली 'एंड ऑफ ट्रेल' स्पर्धा भरवली. १९८७ साली 'सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी' स्थापन झाली आणि नियम ठरले. हत्यारं एकोणिसाव्या शतकाच्या घडणीची, नाहीतर त्यांच्या नकला. दोन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि ही लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. आपण रायफलीपाशीच थांबू.

(दृश्य : लिव्हरची हालचाल, संथ गतीत.)

बोटं अडकवायची ही कडी म्हणजे लिव्हर. खाली ओढली की तीन कामं होतात : रिकामी पुंगळी वर उडते, घोडा मागे चढतो आणि पितळी ठोकळा नवं काडतूस घेऊन सरळ वर येतो. कडी मिटली की ते काडतूस नळीत. मग चाप. बस्स.

कल्पना आधीचीच; तिला कामाचं रूप दिलं बेंजामिन टायलर हेन्रीनं, पेटंट १८६०चं. १८६६ साली ऑलिव्हर विंचेस्टरच्या कारखान्यानं बाजूची झडप आणली, आणि १८७३च्या मॉडेलनं तर इतिहासात आपली जागाच पक्की केली. गंमत म्हणजे आज या अस्सल अमेरिकन खेळात दिसणाऱ्या कितीतरी '७३' इटलीत घडलेल्या असतात.

आतली जोडणी गुडघ्यासारखी दुमडते. हे दुवे बदलले की कडीचा पल्ला कमी होतो. हात कमी हलतो, वेळ वाचतो. कडीच्या आतून चामड्याची पट्टी गुंडाळलेली दिसतेय? ती शोभेची नाही. दिवसभर धातूवर बोटं आपटून बघा, म्हणजे कळेल.

(दृश्य : तीन पोलादी पाट्या.)

पाट्या मोठ्या आहेत, जवळही आहेत. ऑलिंपिकमध्ये श्वास रोखून नेम धरणारे बघितलेत, त्यांना हे पोरखेळ वाटेल. मलाही वाटलं होतं. पण इथं घड्याळ चालू असतं. पाटी चुकली की पाच सेकंदांचा दंड. आणि क्रम ठरलेला : डावी, मधली, उजवी, मधली, डावी, मधली, उजवी, मधली, डावी, मधली. क्रम चुकला तर दहा सेकंद! म्हणजे दहाही गोळ्या पाटीवर लागल्या तरी दोन नेम चुकल्याइतका भुर्दंड. तरबेज माणूस हे दहा बार तीन सेकंदांच्या आत उडवतो. एवढ्यात विचार करायला वेळ कुठला? मोजणी हातातच असावी लागते.

(आवाज : टायमरची बीप.)

टण्, टण्, टण्, टण्—

थांबा. हे पुन्हा बघू, संथ गतीत. कडी एकदा ओढली… आणि चाप न दाबताच पुन्हा ओढली. घाईत होतं असं. जमिनीवर पिवळ्या रिकाम्या पुंगळ्या पडल्यात, त्यांत एकीला राखाडी शिशाचं डोकं आहे. जिवंत काडतूस. ते आता उचलता येत नाही. खाली पडलं ते मेलं, असा नियम आहे.

बाईंना अजून कळलेलं नाही. डावी, मधली, उजवी, मधली, डावी. नऊ झाले. कडी. चाप.

खट्.

आता दोनच वाटा. पाच सेकंदांचा दंड सोसायचा, किंवा त्याहून कमी वेळात दहावं काडतूस भरायचं. हात कमरेच्या पट्ट्याकडे गेला. कडी उघडी, काडतूस वरून आत, कडी बंद.

टण्.

मधलीच.